पिवळं पान

ड्युलुथच्या कॉलेजात तळघरातली खोली माझी.
दारावर पाटी : वाचन-साहाय्य, दुपारी दोन ते सात.
हीटर कण्हतो. खिडकी जमिनीच्या पातळीला,
त्यामुळे माणसं मला आधी बुटांवरून कळतात.

आयरी केट्टुनेनचे बूट रबरी, गुडघ्यापर्यंत.
वय एक्केचाळीस. रात्री वृद्धाश्रमात चादरी धुते,
दिवसा नर्सिंगचं पहिलं वर्ष.
दुसऱ्यांदा पहिलं वर्ष.

तिनं पुस्तक उघडलं, मूत्रपिंडाचं प्रकरण,
आणि पान नव्हतंच तिथे, होतं नुसतं पिवळं.
पहिल्या शब्दापासून तळटिपेपर्यंत
मार्कर फिरवलेला, आकृतीतल्या बाणांवरूनसुद्धा,
जशी एखादीनं भिंत सारवावी
एकही कोपरा न सोडता.
"चार वेळा वाचलंय," ती म्हणाली,
"परीक्षेत पाटी कोरी."

म्हटलं, पुस्तक मिटा. सांगा, काय राहिलं?
ती छताकडे बघत राहिली.
"गाळतं काहीतरी," म्हणाली. मग, "रक्त."
मग बराच वेळ फक्त हीटर.

मला ते सगळं सांगायचं होतं, जे मी सगळ्यांना सांगतो :
आधी मथळे बघा, स्वतःला प्रश्न विचारा,
परिच्छेद संपला की समासात एक ओळ, आपल्या शब्दांत,
उद्या पुन्हा, आठवड्यानं पुन्हा.
खरं आहे ते. पण तेरा वर्षं तेच बोलून
माझ्याच तोंडात त्याचा चोथा झालाय.

म्हणून विचारलं, शनिवारी काय केलंत?
"तळ्यावर होते. बर्फात भोक पाडून मासे धरायला."
आणि बर्फ पक्का आहे, हे कसं कळतं?

तेव्हा ती खुर्चीत सरळ झाली.
काळा दिसला तर भरवशाचा, म्हणाली, पांढरा अर्ध्या ताकदीचा.
सगळीकडे ठोकत बसायचं नाही, रात्र होईल.
ओढा कुठून आत शिरतो, लव्हाळी कुठे उभी आहेत,
तिथे थांबायचं. तिथे पहार मारायची.
आवाज बद्द आला तर मागे फिरायचं
आपल्याच पावलांवरून.
तिचे आजोबा साठ हिवाळे बर्फ वाचत आले,
एकसष्टाव्याला वाचायला चुकले
आणि वाचले नाहीत.

मी काही बोललो नाही. मार्कर उचलून खिशात टाकला,
तिच्यापुढे पेन्सिल सरकवली
आणि लायब्ररीतली कोरी करकरीत प्रत.

ती वाचू लागली. खूप हळू. ओठ हलत होते.
तिसऱ्या ओळीत पेन्सिल अडली.
"इथे 'मात्र' आहे," ती म्हणाली.
"वर म्हणतात, एवढं पाणी गाळून बाहेर पडतं,
मग 'मात्र', आणि जवळजवळ सगळं परत घेतलं जातं.
चारही वेळा मी ह्याच्यावरून चालत गेले."
समासात तिनं दोनच शब्द लिहिले : इथे पातळ.

मार्चच्या चाचणीत अडुसष्ट पडले.
पास व्हायला सत्तर लागतात.
रडली नाही; उत्तरपत्रिका घेऊन आली
आणि चुकलेला एकेक प्रश्न ठोकून बघत बसली,
सात वाजून गेले तरी.

त्या रात्री मी भावाचं पत्र काढलं,
नाताळपासून खणात पडलेलं.
ऑर्विल वर्षातून एकदाच लिहितो, फार्गोहून :
हवा, गाडीचं इंजिन, कुत्रं.
मी ते उभ्या उभ्या वाचलं होतं, कोट न काढता,
आणि समजलं असं समजून ठेवून दिलं होतं.

आता पेन्सिल घेऊन बसलो.
कुत्र्याच्या नंतर, पानाच्या अगदी कडेला, दाबून लिहिलेलं :
दिवसा मी बरा असतो. रात्री मात्र
आणि खाली थेट नवा परिच्छेद, इंजिनाबद्दल.

घड्याळात साडेअकरा.
फोन लावला. पलीकडे
वाजत राहिला.